एकशे दहाच्या आत

मालनताईंनी मनगटावरचं काळं घड्याळ सोडवलं आणि काउंटरच्या काचेवर पालथं ठेवलं.

"हे नको."

"अगं आई, लावून एक मिनिट तरी झालं का?" सुजयने ते उचलून सुलटं केलं. "चौऱ्याऐंशी दाखवत होतं. तुझे ठोके. हेच मला माझ्या मोबाइलवर दिसणार. एकशे दहाच्या वर गेले की इकडे घंटी वाजेल, मी लगेच तुला फोन करीन."

"आणि मी तो उचलून बोलू कशी?"

सुजयने दुकानदाराकडे पाहिलं, जणू साक्षीदार हवा होता. अझीम खोक्यांची झाकणं लावत राहिला.

मालनताईंच्या हृदयात जाळी बसवून अडीच महिने झाले होते. चालायचं, चढायचंही, पण बेताने, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. चालताना शेजारच्याशी दोन वाक्यं सलग बोलता आली पाहिजेत, बोलणं तुटायला लागलं की थांबायचं. तेव्हा मालनताईंनी हलक्या आवाजात आपला नेम सांगितला. पहाटे अंघोळ केली की किल्ल्यावरच्या भगवतीला पायी जायचं आणि दर्शन होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. अकरा वर्षं चाललेला नेम ऑपरेशनने खंडला होता. त्यावर डॉक्टर म्हणाले, "न बोलता जायचं तर ठोके मोजणारं यंत्र घ्या. एकशे दहा झाले की बसा."

घरी आल्यापासून सुजयने त्यातलं 'यंत्र' तेवढं धरून ठेवलं होतं.

"मावशी, शिवाय या बांगड्या काढाव्या लागतील," अझीम म्हणाला. "घड्याळ कातडीला घट्ट बसायला हवं. हललं की आकडा भलताच येतो."

"बांगड्या निघणार नाहीत."

"मग दुसऱ्या हाताला?"

मालनताईंनी दुसरा हात काचेवर ठेवला. तोही तितकाच भरलेला होता. अझीम हसला.

"तुमच्याकडे दुसरं काही आहे की नाही?" मालनताईंनी त्याला विचारलं.

त्याने खालच्या फळीवरून एक पट्टा काढला. "हा छातीला बांधायचा. सायकलवाली पोरं नेतात. ठोका पडतो तिथेच मोजतो. आकडा या लहान डबीत दिसतो. ती मुठीत धरलीत तरी चालेल."

"आणि मोबाइलला कसा जोडायचा?" सुजयने विचारलं.

"हा नाही जोडता येत."

मालनताईंनी पट्टा लगेच हातात घेतला.

"आई, मला कळायला नको?"

"कशाला? ठोके माझे आहेत."

"आणि वाटेत काही झालं म्हणजे?"

"झालं तर लोक सांगतील की तुला. आपल्या पेठकिल्ल्यावर मांजर मेलं तरी अर्ध्या तासात बाजारात कळतं."

अझीमला पुन्हा हसू आलं, पण सुजयचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. पट्टा कसा बांधायचा ते दाखवायला त्याची बायको झरीन मालनताईंना कपाटाच्या मागे घेऊन गेली.

"हे दोन तुकडे ओले करायचे हां, मावशी. कोरडे असले की ठोका धरत नाहीत."

"पाणी साधंच ना?"

"साधंच."

अंघोळीनंतर लगेच बांधायचा, मालनताईंनी मनाशी ठरवलं. झरीनने मागचा हूक अडकवला आणि कानाशी येऊन पुटपुटली, "मुलगा मायेनेच म्हणतो हो."

"मायेनेच म्हणतो. म्हणून तर दम लागतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी देवापुढे हातावर पाणी घेतलं. एक्केचाळीस दिवस सलग, पायी, मौनाने. मध्ये शब्द निघाला तर पुन्हा पहिल्या दिवसापासून. एक्केचाळीस पुरे झाले की तुटलेला नेम जुळला असं मानायचं.

पहिल्या दिवशी किल्ल्याच्या पहिल्या वळणावरच डबीत एकशे दहा आलं. त्या कठड्यावर बसल्या. येणारी-जाणारी माणसं विचारत, बरं नाही का, पाणी आणू का. त्या हाताचा पंजा दाखवत, थांबा. आकडा एकेक करत पंचाण्णवावर आला की उठत. असं चारदा, पाचदा बसून त्या वर पोचल्या. पुढे तीनदा. मग दोनदा. आकडा बसवतो तसा उठवतोही, हे सुजयला सांगावं असं त्यांना अनेकदा वाटलं. पण तो संध्याकाळी बँकेतून आला की चपला काढायच्या आधीच विचारायचा, "आज किती गेले?"

"एकशे दहाच्या आत."

"नक्की आकडा सांग."

"आत म्हटलं ना."

एकोणचाळिसाव्या दिवशी रविवार होता. त्या पट्टा बांधून बाहेर आल्या तर सुजय बूट घालून पायरीवर बसलेला.

"तू सांगत नाहीस ना? मग मी येऊन बघतो."

त्यांनी खांदे उडवले आणि चालू लागल्या. मागून त्याची टकळी सुरू झाली. डॉक्टर काय म्हणाले होते, शेजारच्या केरूकाकांचं कसं झालं, हा हट्ट कोणासाठी. समोरून उत्तर येणार नाही हे माहीत असल्यामुळे त्याला चेवच आला होता. वळणावर डबीत एकशे दहा दिसलं तसा तो म्हणाला, "झालं! चल खाली."

त्यांनी पंजा दाखवला आणि कठड्यावर टेकल्या. तो बोलतच होता. चौऱ्याण्णव आल्यावर त्यांनी डबी त्याच्या नाकासमोर धरली आणि उठून पुढच्या पायऱ्या धरल्या.

"अगदी आजीवर गेलीयस तू. तिलाही कोणी सांगितलेलं..."

वरून घंटा ऐकू आली. दहा-अकरा पायऱ्या राहिल्या होत्या. गाभाऱ्यातली समई इथूनच दिसायची. मालनताई आणखी दोन पायऱ्या चढल्या, आणि मागचा आवाज वाक्याच्या मध्येच बंद झाला आहे हे त्यांच्या लक्षात आलं. सुटले, असंही क्षणभर वाटलं.

त्यांनी वळून पाहिलं.

सुजय पाच पायऱ्या खाली होता. एक हात जांभ्याच्या भिंतीला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. डिसेंबरची पहाट असून कपाळावरून पाणी गळत होतं. त्याने दुसऱ्या हाताने खूण केली, हो तू पुढे.

मालनताईंनी समईकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"सुजय, खाली बस."

रात्रभर न वापरलेला आवाज खरखरीत आला. तो बसला. त्या पाच पायऱ्या उतरून त्याच्या शेजारी टेकल्या, त्याच्या गळ्याचं बटण सोडलं. बऱ्याच वेळाने त्याला एवढंच म्हणता आलं, "आई... तू बोललीस."

"बोलले. आता तू गप्प राहा."

त्यांनी हातातली डबी पायरीवर ठेवली, त्याचं मनगट उताणं करून त्यावर तीन बोटं टेकवली आणि एकपासून मोजायला सुरुवात केली.