ट्रॉलीला पाय नसतात

सूचना क्र. १ : रुग्णाने जमिनीवर बसू अथवा झोपू नये. पलंग वापरावा.

नगरच्या दवाखान्यातून निघताना मिळालेला कागद भागवतने तीनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला, आणि गाडी करंजी घाटाला लागल्यावर पुन्हा काढून वाचला. मागच्या सीटवर त्याची आई पुष्पावती, वय अडुसष्ट, नवा कोरा खुबा घेऊन आडवी झाली होती.

ओळीत अवघड असं काही नव्हतं. तिसगावच्या बाजारात हवा तसला पलंग मिळतो. अवघड एवढंच, की भैरवटाकळीत पलंग नसतो.

म्हणजे एक आहे. देवळात, भैरोबाचा. सागवानी, नक्षीचा. देव त्यावर झोपतो, म्हणून गाव जमिनीवर झोपतं. नवरा-नवरी जमिनीवर, बाळंतीण जमिनीवर, मिलिटरीतून रिटायर होऊन आलेला सुभेदारही जमिनीवर. पावसाळ्यात बिळातून निघालेली मण्यारही जमिनीवरच. कानिफनाथची सून दोन वर्षांपूर्वी अशीच झोपेत गेली. गाव फार हळहळलं. त्याच महिन्यात वर्गणी काढून देवाच्या पलंगाला नवी मच्छरदाणी बसवली.

या रीतीची राखण करायचा देवस्थान ट्रस्टचा सेक्रेटरी, म्हणजे भागवतच. हायस्कुलात क्लार्क, अक्षर मोत्यासारखं. गेल्या वैशाखात एका नवरीच्या रुखवतातला डबलबेड त्यानेच वेशीवरून माघारी धाडला होता. टेम्पोवाल्याला चहा पाजून, अगदी हात जोडून.

सूचना क्र. २ : पलंगाची उंची गुडघ्याच्या वर असावी.

देवळात बैठक बसली. मधोमध ट्रस्टचे अध्यक्ष अजिनाथबापू.

"बापू, डॉक्टरीणबाई म्हणती, आई खाली झोपली-उठली तर खुबा निसटंल."

"कुठली हाय ती डाक्टरीण?"

"लातूरची."

"मग तिला आपला भैरोबा काय ठावा?"

"विटा रचून वर फळी टाकली तर?"

"इटा म्हंजी पायच की रं."

"शाळेतले बाक जोडले तर?"

"बसला तवर बाक. झोपला की पलंग."

सोफ्याचा विषय कुणी काढला नाही. गावात सोफा एकच होता आणि तो बापूंच्या घरी होता.

मागच्या खांबाला टेकून बसलेला कानिफनाथ तेव्हा बोलला. "माज्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झोपवा म्हातारीला. ट्रॉलीला चाकं असत्यात, पाय नसत्यात. सून गेल्यापसनं मी तितंच झोपतो."

कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. बापूंनी बराच वेळ दाढी खाजवली. "बराबर हाय," ते म्हणाले. "चाकाला काय पाय म्हनता येत न्हाई."

भागवतची बायको अश्विनी चहाची किटली घेऊन पायरीपाशी उभी होती. "मग बापू, दवाखान्यातल्या पलंगालाबी चाकं असत्यात. तोच आनू की भाड्यानं."

बापूंनी डोळे मिटले, उघडले.

"त्याची चाकं पायाला हायती, पोरी. ट्रॉलीची चाकं ट्रॉलीला हायती."

अख्ख्या देवळाने मान डोलावली. भागवतनेही डोलावली, आणि घरी जाताना त्याला वाटलं की आपण जिंकलो.

सूचना क्र. ३, ४ : (इथे कागद घडीवर फाटला होता.)

मे महिना. अंगणात पत्र्याखाली ट्रॉली, ट्रॉलीत गादी, गादीवर पुष्पावती. तिला दिवसातून तीनदा खाली घ्यावं लागे. चार माणसं, एक सतरंजी आणि भागवतचं ओरडणं, "सावकाश, सावकाश!"

"भागा," ती पहिल्या दिवशी म्हणाली, "मला उसावानी कारखान्याला घालायला न्यायलाय का रं? वजन तरी करून घे."

सगळे हसले. तिसऱ्या दिवसापासून ती पाणी कमी प्यायला लागली, म्हणजे उतरावं कमी लागेल. अश्विनीच्या ते ध्यानात आलं. भागवतच्याही आलं, पण त्याने ते उन्हावर ढकललं. जेवण जाईना, तेही उन्हावर ढकललं.

नवव्या दिवशी चौघांपैकी एकाचा मोबाईल वाजला. त्याने एक हात खिशाकडे नेला.

सूचना क्र. ५ : त्रास झाल्यास त्वरित संपर्क साधावा.

निसटलेला खुबा डॉक्टरीणबाईंनी भूल देऊन बसवला. पुन्हा निसटला तर पुन्हा चिरावं लागेल आणि मग चालण्याची खात्री नाही, असं स्पष्ट सांगितलं. भागवत बाहेर बसलेला असताना बापूंचा फोन आला.

"आठ दिस दवाखान्यात पलंगावर झोपली, भागवत. देवाला काय कळत न्हाई व्हय?"

"व्हय, बापू."

"त्याचंच हे फळ."

"व्हय, बापू," भागवत म्हणाला. घासात खडा यावा तसं झालं त्याला. खडा त्याने गिळला.

अश्विनी समोरच उभी होती. "केडगावला माज्या भावाच्या शेजारी खोली बघितलीय. मी आन् आत्याबाई तीन महिने तितं राहनार. पलंगावर."

"अगं, गावाला काय सांगू?"

"तुमी सेक्रेटरी ना? लिहा कायतरी."

त्याने लिहिलं.

ठराव : गावात ज्या कुणाचे हाड मोडेल त्यास तीन महिने वेशीबाहेर ठेवावे, असा श्री भैरोबाने स्वप्नात दृष्टान्त दिला आहे. दृष्टान्त झालेली व्यक्ती : सेक्रेटरी. सर्वानुमते मंजूर.

त्याच्या मनात हा ठराव एकाच माणसासाठी होता. गावाच्या मनात तसं काही नव्हतं. ज्येष्ठात सातवीतली एक पोर सायकलवरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. तिला ऐन शाळेच्या तोंडावर शेवगावला मावशीकडे धाडलं. ती रडत टेम्पोत चढत होती, तेव्हा भागवत तिच्या बापाला म्हणाला, "अरे, हाताला कुठं पलंग लागतो?"

"रीत हाय, भाऊ," बाप म्हणाला. "तुमीच तर लिहिली."

आषाढात एका म्हाताऱ्याची बरगडी मोडली. त्याला नातेवाईक नव्हते. त्याला माळावरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं आणि खाली पोतं अंथरलं. त्यानंतर भैरवटाकळीत कुणाचं हाड मोडेना. सगळ्यांचं मुरगळायचं. लोक दात आवळून लंगडत आणि विचारलं की म्हणत, "न्हाई बा, नुसतं लचकलंय."

श्रावणात अजिनाथबापू न्हाणीत घसरले. "मुरगळलाय," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी घोटा भोपळ्याएवढा झाला. गावाने त्यांना आदराने, हार घालून टेम्पोत बसवलं. ठेवायचं कुठे, तर बापूंचा मुलगा पुण्यात, दहाव्या मजल्यावर. त्याने फोनवर लिफ्ट बंद असल्याचं सांगितलं. मग भागवतने बापूंच्या पायाला प्लास्टर घालून घेतलं आणि टेम्पो केडगावला नेला.

खोलीत दोन पलंग होते. एकावर अश्विनी झोपायची. दुसऱ्याजवळ पुष्पावती वॉकर धरून उभी होती. खिडकीपर्यंत आणि परत, अशा आता तिच्या दिवसाला वीस फेऱ्या होत. तीन महिने भरायला आठ दिवस राहिले होते. आठ दिवसांनी ती वेशीत येणार, म्हणजे जमिनीवर येणार. हे भागवतला माहीत होतं, तिलाही माहीत होतं.

बापू दाराची चौकट धरून उभे राहिले.

"या भावजी. पडा," पुष्पावती म्हणाली.

"म्या खालीच..."

"खाली बसलात तर उठवायचं कुनी? ट्रॉली न्हाई हितं."

बापू अश्विनीच्या पलंगाच्या काठावर टेकले. थंड पाण्यात उतरावं तसे हळूहळू आडवे झाले, डोळे गच्च मिटून. थोड्या वेळाने ते मुठी सोडून घोरायला लागले. अश्विनीने भावाच्या घरून स्वतःसाठी गादी आणली आणि ती भिंतीशी ठेवली.

चार वाजता बापू जागे झाले. छताकडे बघत पडून राहिले. एकदा कूस बदलली, पुन्हा बदलली, हाताने गादी दाबून पाहिली.

"भागवत."

"जी, बापू."

"ठराव बदलावा लागंल."

भागवतला गावातलं एकेक अंथरूण दिसलं, त्यात कानिफनाथच्या घरातलंही. त्याने खिशातून पेन काढलं. "सांगा बापू. काढूनच टाकू का सगळं?"

"काय काढून टाकतो?" बापू दचकले. "देवाची रीत ती. फक्त तीन महिन्यांचे सहा कर. वहिनींचेबी." त्यांनी उशी मानेखाली नीट सरकवली. "हाडाचं काम हाय. पाळायचं तर नीट पाळावं."