दम घ्यायच्या जागा

सांतोसच्या सपाट समुद्रकाठी राहणाऱ्या ओदेतेवहिनींनी फोनवर अटच घातली. "एक दिवस येते, तुझं ते डोंगरातलं ओरू प्रेतो गाव बघते. पण धापा टाकत एकदा जरी मला पायरीवर बसावं लागलं, तर तू सामान बांधायचंस. या वयात त्या चढांवर एकटीनं राहायचं नाही. इकडं खोली तयार आहे."

"या तर खरं," झुलमीरा म्हणाली आणि फोन ठेवून वही काढली.

भाऊ गेल्यापासून वहिनींचा हा लकडा चालू होता. एकाहत्तर वर्षं ज्या गावात काढली ते सोडायची झुलमीराची तयारी नव्हती. तिनं बेत आखला: टॅक्सी थेट वरच्या चौकात, तिथून नुसता उतार. एक संग्रहालय, कॉफी, खालची दोन चर्चं, बाकावर विसावा, परत टॅक्सी. चढायच्या पायऱ्या: शून्य.

शेजारी बेलार्मिनो मऊ दगडाची भांडी कोरायचा. त्यानं वही हातभर लांब धरून वाचली.

"सांता इफिजेनिया कुठंय यात?"

"टेकडीच्या टोकावर. होतं तिथंच."

"म्हणजे ज्या चर्चमधली फुलं तू तीस वर्षं बदलतेस, तेच वगळून गाव दाखवणार? त्यापेक्षा सांतोसलाच जा की!"

शब्द झोंबला. दुसऱ्याच दिवशी ती घड्याळ लावून एकटीच तो चढ चढली. वर पोचायला तास लागला, पण धाप नाही. वाटभर दारोदारी थांबून तोंडच चालू होतं ना! या गावात चढावर कुणी 'दमलात का' विचारत नाही, तो अपमान. 'घरचे कसे आहेत' विचारतात, आणि उत्तर संपेपर्यंत छातीतला भाता शांत होतो.

तिनं बेत खोडला आणि ठिकाणांऐवजी माणसं लिहिली. सेबास्तियानाची खिडकी: सून, दहा मिनिटं. दोर्वालिनाचा उंबरा: गुडघ्याचं ऑपरेशन, पंधरा, टाके दाखवले तर वीस. वळणावरचा ओनोफ्रे: चीज, पेरूची वडी आणि जावयाची तक्रार. कुणाला पढवून ठेवायची गरजच नव्हती.

रविवारी वहिनी आल्या, नणंदेच्या कपड्यांसाठी रिकामी बॅग घेऊनच. दोर्वालिनानं टाके दाखवले. मग वहिनींनी स्वतःच्या गुडघ्याचा विषय काढला, आणि विसाची पस्तीस मिनिटं झाली. ओनोफ्रेच्या जावयाला तर दोघींनी मिळून झोडपलं.

दुपारी चर्चपुढं उभं राहून वहिनींनी मागं वळून पाहिलं. खाली कौलं, मनोरे, चढामागून चढ.

"हे एवढं... मी चढले?"

"दमलात का?" झुलमीरानं मुद्दाम विचारलं.

"फसवलंस मला!"

"फसवलं कसलं, वहिनी? आम्ही असेच चढतो. तीनशे वर्षं."

वहिनींनी टोपी नीट केली. "आणि त्या खोलीचं मी काय करू?"

"भाडेकरू ठेवा. चांगला बोलका बघून," असं म्हणत झुलमीरानं चर्चचं जड दार ढकललं आणि वहिनींना आधी आत जाऊ दिलं.