मॅनेजरवर आळ

आमच्या हॉस्पिटलच्या कोडखोलीत आकडेताई माझ्या शेजारच्या टेबलावर बसायच्या. खरं नाव होतं त्यांना, पण ते पगारपत्रकापुरतं. डॉक्टरांनी फाइलवर लिहिलेल्या आजाराला जाडजूड पुस्तकातला नेमका कोड लावायचा, हे आमचं काम, आणि ताईंना ते पुस्तक तोंडपाठ. बदक चावलं तर कोणता कोड, पोपटानं टोचलं तर कोणता, झोपेतून उठवून विचारा. एकदा साहेबांना उचकी लागली. ताईंनी दाराआडून तिचा कोड पुकारला, तशी उचकी ओशाळून थांबली. पटत नसेल तर साहेबांना विचारा, त्यांना पुन्हा म्हणून उचकी लागलेली नाही.

ताईंचा एक नेम होता. आपण तर्क करायचा नाही, डॉक्टरांना विचारायचं. आणि विचारताना उत्तर सुचवायचं नाही. "हे अमुकच ना?" असं विचारणं म्हणजे साक्षीदाराला पढवणं. "तुम्हाला काय वाटतं?" एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं. ते गप्प बसणं मोठं जीवघेणं. भलेभले सर्जन त्या शांततेत स्वतःच्या लग्नाची हकीकतही सांगून मोकळे झालेले मी पाहिलेत.

अशात ताईंचे सख्खे काकाच वॉर्डात दाखल झाले. ताप, डोक्यात घण, आणि मान लाकडासारखी कडक. काकूपुढे काकांची मान ताठ राहिल्याचा तो पहिलाच प्रसंग. पाठीतलं पाणी काढून तपासलं, औषधं लागू पडली, जिवावरचं टळलं. घरच्याची फाइल म्हणून ती माझ्याकडे आली, पण ताई माझ्या खांद्यावरून अर्ध्याअधिक फाइलीतच होत्या.

डॉक्टरांनी नुसतं 'मेंदूज्वर' लिहिलेलं. आमच्या पुस्तकात असा मेंदूज्वर एकटा येत नाही. ज्या रोगानं तो आणला त्या रोगाचा कोड पुढे, याचा मागे. मी विचारणा पाठवली. उत्तर आलं, लेप्टो. प्राण्यांच्या मुतातून होणारा रोग.

हे काकूच्या कानावर गेलं आणि चक्रं फिरली. घरात प्राणी एकच, काकांचा म्हातारा कुत्रा. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत गंभीर चेहऱ्यानं फिरायचा आणि काम कसलंच करायचा नाही, म्हणून त्याचं नाव मॅनेजर.

मी सहीसाठी फाइल घेऊन वॉर्डात गेलो, ताई सोबत. डॉक्टर शेजारच्या खाटेवर होते.

"संध्याकाळी मॅनेजरला न्यायला गाडी येतेय," काकू म्हणाली. "गावाबाहेर कुत्रे सांभाळतात तिथे. मी बोलून ठेवलंय."

काकांनी तोंड भिंतीकडे केलं. मान वळत नव्हती, म्हणून अख्खे वळले. "मग मलाही त्याच गाडीत घाला."

"तुम्हाला ठेवून घेणार नाहीत. ते शिकवलेलेच घेतात."

"पोरी," काका भिंतीला म्हणाले, "तुमच्या त्या पुस्तकातून दुसरा एखादा प्राणी बघ ना. लांबचा. जिराफ वगैरे."

"काका, मी मनानं काही लावत नाही." ताईंनी स्टूल ओढलं. "काकू, ताप यायच्या आधी घरात काय काय झालं?"

"काय व्हायचंय? या मॅनेजरनं..."

"मॅनेजरचं नाही विचारलं. काय झालं?" आणि ताई गप्प.

काकूनं पदर सारखा केला. खाटेची चादर सारखी केली. मग माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

"नवा गालिचा आणला. त्यावर केस नकोत म्हणून याला मागच्या अंगणात बांधला."

ताई गप्प.

"तो तळघरात निजायचा, ते बंद झालं. मग खाली उंदीर माजले. इतके, की माझ्या चपला जोडीनं लावून ठेवायला लागले."

ताई गप्पच.

"मग पाइप फुटून तळघरात पाणी भरलं. मी म्हटलं, प्लंबर कशाला, तुम्ही आहात की."

"अनवाणी," भिंतीकडून आवाज आला. "बूट खराब होतील म्हणालीस."

"बूट नवे होते. आणि तुमच्या टाचा इतक्या फुटल्यात हे मला..." काकू मध्येच थांबली.

डॉक्टर केव्हाच आमच्या खाटेशी आले होते. "कुत्र्याला लस?"

"दरवर्षी," काका म्हणाले. "आमच्या घरात तपासून घेतलेला तेवढा एकच."

डॉक्टरांनी फाइल ओढली आणि लिहिलं: तळघरातलं साचलेलं पाणी, त्यात उंदरांचं मूत, ते शिरायला भेगाळलेल्या टाचा. काकू वाकून वाचू लागली.

"त्या पाण्यात कुणी उतरवलं, त्याचा पण कोड असतो का गं?" तिनं हळूच विचारलं.

"बदकाचा आहे, पोपटाचा आहे," ताई म्हणाल्या. "बायकोचं ऐकल्याचा अजून निघालेला नाही."

काका पुन्हा अख्खे वळले, आमच्याकडे. काकूनं पिशवीतून फोन काढला आणि घसा साफ केला.

"हॅलो, ती संध्याकाळची गाडी. नाही, कुत्रा नाही द्यायचा. त्याला आता कामावर घेतलाय." मग तिनं आवाज खाली आणला. "का हो, तुमच्याकडे उंदीर ठेवून घेतात का?"