मिडियम वेव्हवरची लिफ्ट

रुचा ऑफिसातून यायची आणि चपला काढून आत पाऊल टाकेपर्यंत वाफाळता चहा कपात पडलेला असायचा. यायची वेळ ठरलेली नव्हती. कधी उजेडात, कधी रस्ता तुंबला की चांगलंच अंधारून आल्यावर. आई संगमनेरहून दोह्याला आली तेव्हापासून हे असंच चाललं होतं, आणि रुचाने त्याचा कधी विचार केला नव्हता. आईकडून जे आपसूक मिळतं त्याचा विचार कोण करतं?

इथे रविवार कामाचाच. त्या रविवारीही ती आली आणि चहा झाला. अल अझीझियातल्या त्या फ्लॅटच्या खिडकीबाहेर अंधार पडला होता. टेबलावर आईचा छोटा रेडिओ खरखरत होता आणि त्या खरखरीच्या आत कुणीतरी पुरुष फारसीत काहीतरी समजावून सांगत होता.

"आई, यातलं एक अक्षर तरी कळतं का तुला?"

"कळायला कशाला हवं? कुणीतरी बोलतंय ना."

"अगं, मी तुला एफएमवर हिंदी स्टेशन लावून दिलं होतं. लख्ख ऐकू येतं ते."

"येतं की. पण तिथं लख्ख आणि इथं खरखर, असं का? टेलिकॉमची इंजिनियर ना तू? सांग."

रुचाने हवेत बोटाने लाट काढली. "मिडियम वेव्हवर, म्हणजे एएमवर, आवाजाप्रमाणे लाटेची उंची बदलते. माणूस जोरात बोलला की लाट उंच, हळू बोलला की ठेंगणी. पण वीज चमकली, मिक्सर लागला, कुणी मोबाइल चार्जिंगला लावला, की त्यांचे धक्केही त्याच उंचीत मिसळतात. रेडिओला बिचाऱ्याला कळत नाही माणूस कुठला आणि मिक्सर कुठला. तो सगळंच ऐकवतो."

"आणि एफएमवर?"

"तिथे उंची एकसारखी ठेवतात. आवाजाप्रमाणे लाटा दाट होतात नाहीतर विरळ. रेडिओ उंचीतला चढउतार आधीच छाटून टाकतो आणि फक्त दाट-विरळ तेवढं बघतो. त्या छाटणीत खरखरही जाते."

"मग हे जुनं ठेवलंय कशाला?"

"हे लांब जातं. एफएम साधारण नजर पोचेल तिथपर्यंत. शहराबाहेर दुखानच्या रस्त्याला लागलं की आपलं स्टेशन हळूहळू विरतं. एएमच्या लाटा जमिनीला धरून जातात, आणि सूर्य मावळला की आकाशातल्या एका थरावर आपटून पार समुद्रापलीकडे उतरतात. म्हणून तर तुझा हा इराणी इथवर येतो."

आईने चहाचा घोट घेतला. "म्हणजे तू जन्मापासून एफएमच. चढ नाही, उतार नाही. गुडघा फुटला तरी 'काही नाही झालं'."

रुचा हसली. तिने बटण सरकवून एफएम लावलं. एक मुलगी हिंदीत खिदळत होती, अगदी शेजारी बसल्यासारखी. आईने जरा वेळ ऐकलं, मग हात पुढे करून पुन्हा मिडियम वेव्ह लावलं.

"का गं?"

"त्यात लिफ्ट ऐकू येत नाही."

"कसली लिफ्ट?"

"आपली. खालून निघाली की यात घुर्र होतं. आपल्या मजल्यावर थांबली की टक्. आधण उकळत ठेवलेलंच असतं. टक् झालं की दूध घालते."

रुचा बघतच राहिली. "पण या मजल्यावर चार घरं आहेत. दुसरंच कुणी असलं तर?"

"असतंच की. मग तो चहा मी पिते. आज पाच कप झालेत, झोपेचं खोबरं होणार आहे माझ्या."

दोघी हसल्या. मग आई कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"तळमजल्यावरची बबीता म्हणत होती, हा व्हिसा वाढवून मिळतो म्हणे."

"मिळतो."

"फार खटपट असते का?"

"नाही, तशी नाही."

आई थांबली. आपल्या तोंडून काही ऐकायला ती थांबली आहे, हे रुचाला कळलं. आई येण्याआधी या घरात ती ओट्याशी उभी राहून जेवायची, आणि शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी कधी कधी तोंडातून शब्दही निघायचा नाही. हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण तिकडे धाकटा भाऊ कौशिक वाट बघत होता, आईच्या देवळातल्या मैत्रिणी होत्या, तिची तुळस होती. आपण 'राहा' म्हटलं तर ती मन मारून राहील, असं रुचाला वाटलं.

"तुला बरं वाटेल तसं कर, आई. गुरुवारचं तिकीट आहेच."

"आहेच," आई म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठली नाही. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

रुचाने कौशिकला स्वतः फोन केला. काय झालं ते नीट, क्रमाने सांगितलं. इतक्या सरळ आवाजात, की तो रडता रडता थांबला आणि म्हणाला, "ताई, तू ठीक आहेस ना?"

"मी ठीक आहे. तू मुंबईला विमानतळावर ये."

कंपनीची सरकारी कामं बघणारे अबूबकरचाचा राजापूरचे, कुठल्याही मुलीला कोकणातल्यासारखं 'बाय' म्हणणारे. ते म्हणाले, "बाय, तू सह्या तेवढ्या कर. धावपळ माझ्यावर सोड." बुधवारच्या विमानात शवपेटीला जागा मिळाली, त्याच विमानात रुचालाही. आई ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच निघाली.

बुधवारी दुपारी बॅग भरून ती चाचांची वाट बघत टेबलाशी बसली. घर फार शांत होतं, म्हणून तिने रेडिओ लावला. दिवसाउजेडी त्यावर माणूस कुणी नव्हता, नुसती खरखर. मग घुर्र झालं. तिने मान वर केली. आवाज मध्येच कुठेतरी तुटला. पुन्हा घुर्र, पुन्हा दुसराच मजला. एकदा टक् झालं. बाहेर पावलं वाजली आणि समोरचं दार उघडून मिटलं. आई दिवसभर हे ऐकत बसायची. दिवसभर कुणी ना कुणी येत असायचं, आणि बहुतेक वेळा ते दुसऱ्याच कुणाच्या घरी जायचं. मग अंधार पडला की तिला चहाचे किती कप झाले त्याचा विनोद करावा लागायचा.

पुन्हा टक् झालं आणि बेल वाजली. अबूबकरचाचा होते. "चल, बाय."

शवागारात गारठा होता. बबीताने आदल्या दिवशी येऊन आईला तिची हिरवी साडी नेसवली होती, केस नीट विंचरले होते. रुचाने पायांना हात लावला, नमस्कार केला आणि मागे सरली. तिथल्या केरळी माणसाने हळू आवाजात विचारलं, "मॅडम, बंद करें?"

तिने मान डोलावली. त्याने झाकण उचललं.

"रुको," ती म्हणाली.

ती पुढे गेली, पेटीची कड दोन्ही हातांनी धरून वाकली. शब्द फुटला तो इतका मोठ्याने, की दाराशी उभ्या चाचांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. झाकण धरलेला माणूस तसाच थांबून राहिला.

"आई, जाऊ नकोस. व्हिसा वाढवते मी, उद्याच वाढवते. मला एकटीला नाही गं राहवत इथे. तू राहा. माझ्यासाठी राहा."