सुकरामसाठी बोललेलं खोटं

सकाळपासून सुकराम केवलरामच्या भाताच्या बांधीत चिखल करत होता आणि त्याला कोणी एक शिवीसुद्धा देत नव्हतं. हेच त्याच्या जिवाला लागलं होतं. रोवण्याच्या बाया वाकून भाताची रोपं, पऱ्हे लावत होत्या, गप्पा हाणत होत्या, मधूनच त्याच्या बैलांची टिंगल करत होत्या. केवलराम तुरुंगात, त्याचे पऱ्हे वाढून पिवळे पडायला लागलेले, म्हणून हा आपणहून नांगर घेऊन आला होता. केवलरामच्या बायकोनं, अनुसयाबाईनं, त्याला बांधी दाखवली आणि दुपारी पानावर भातही वाढला.

झालं होतं ते साऱ्या पळसटोल्याला ठाऊक होतं. तीस सालचा पावसाळा. गावोगावी जंगल सत्याग्रहाचं वारं सुटलं होतं. सरकारी जंगलात जायचं, विळ्यानं गवत कापायचं आणि पोलिसांना म्हणायचं, घ्या, न्या आम्हाला. गावात दोन तट पडले. गावच्या जमीनदाराची, मालगुजाराची माणसं म्हणत, गवतानं का राज्य जाते? बाकीचे त्यांच्या घरचं पाणी पीत नव्हते. सुकरामचं घर गावात एकटं किरिस्तावाचं. गोंदियाच्या पाद्रीसाहेबांनी बजावलं होतं की सरकार देवानं नेमलेलं आहे, या भानगडीत पडाल तर ख्रिस्ताचं नाव बुडवाल. सुकरामनं तिथं मान डोलावली. पण त्या जंगलात त्यानं आणि केवलरामनं पोरवयापासून ढोरं चारली होती, आणि जंगलाच्या नाकेदारानं दोघांचीही ढोरं कोंडवाड्यात घातली होती. केवलराम नुसता दारात येऊन उभा राहिला आणि हा विळा घेऊन निघाला. बायको मार्था म्हणाली, जात असान तर मंग मागं पाहू नका. आणि गड्यानं पहिली मूठ कापली ती सगळ्यांच्या आधी!

मग पोलीस आले. जमादार एकेकाला नाव विचारी, नाव लिहून घेई, आणि लिहून झालं की शिपाई पाठीत एक काठी घाली. तिसरा नंबर गावातल्याच दुलीचंदाचा. तो म्हातारा गुडघ्यावर आला. पुढचा सुकराम. त्याची जीभ त्याला न विचारता बोलली.

"मी किरिस्ताव आहो जी. मी यायच्यातला नाही."

जमादारानं त्याच्या हातातल्या विळ्याकडे पाहिलं. विळ्याला हिरवं लागलेलं. तेवढ्यात शेजारून केवलराम शांतपणे बोलला.

"खरं हाये जी. बैल हरपला त्याचा. तो पाहाले आलता. झुडपं तोडाले विळा लागते."

सुकरामला सोडलं. बाकीचे दोरीनं बांधून नेले. मागं वळून पाहायची त्याची छाती झाली नाही.

घरी येऊन त्यानं स्वतःला लाख समजावलं की पाद्रीसाहेबांचा शब्द राखला. पण मनात त्याला पक्कं ठाऊक होतं, की त्या घडीला त्याला ना ख्रिस्त आठवला होता ना सरकार. आठवली होती फक्त काठी. देवाच्या नावाआड लपलो, ही लाज त्याला झोपू देईना.

दिवस कलला तशी अनुसयाबाई पऱ्ह्याची जुडी खाली ठेवून बांधावर त्याच्याजवळ आली.

"भाऊजी, एक पुसू का? तुमच्या देवाले खोटं बिलकूल चालत नाही म्हणते. आमच्या घरच्यायनं तुमच्यापायी खोटं बोललं. त्यायले पाप लागन का जी? तुमी जरा माफी मांगून घ्या ना त्यायच्यासाठी."

बाई टोमणा मारत नव्हती. खरंच काळजीनं विचारत होती. सुकराम खाली बसला तो चिखलातच.

"पाप माहं हाये, वयनी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो ठाण्यात गेला आणि जमादाराला सरळ म्हणाला, "मीबी होतो जी. पयली मूठ मीच कापली. मले आत घ्या."

जमादार भंडाऱ्याकडचा नव्हता, हिंदी बोले. त्यानं हातातला पानाचा विडा बाजूला ठेवला.

"केवलराम ने तो कहा, तू बैल ढूँढ रहा था. मतलब उसने सरकार से झूठ बोला? फिर उसको छह महीने और. सोच के बोल."

खरं बोलावं तर केवलरामच्या मानेवर सहा महिने. खोटं बोलावं तर परत घरी, मोकळा. बाहेर झड लागली होती, कौलांवरून पाणी ओघळत होतं, आणि जमादार वाट पाहत बसला होता.

"बैलच पाहाले आलतो जी," तो म्हणाला.

"मालूम था," जमादार हसून म्हणाला, "किरिस्तान आदमी झूठ नहीं बोलता."

रविवारी सुकराम मार्थाला घेऊन गोंदियाला प्रार्थनेला गेला. घडलेलं सगळं त्यानं वाटेत तिला सांगितलं. ती चालत राहिली.

प्रार्थना झाल्यावर पाद्रीसाहेबांनी सुकरामला सगळ्यांपुढे उभं केलं. गाव बंडात उतरलं, पण आपला हा भाऊ एकटा असून ढळला नाही, सरकारी दरबारात त्याच्या शब्दाला मान आहे, असं बरंच बोलले. सुकरामनं तोंड उघडलं. साहेब, मी ढळलो, दोन्हीकडून ढळलो, असं म्हणायचं होतं त्याला. पण मागच्या बाकावर ठाण्याचा मुनशी बसला होता, आणि इथला शब्द तिथं पोचायला कितीसा वेळ? केवलरामचे सहा महिने त्याच्या ओठांवर येऊन बसले. तो तसाच उभा राहिला, मान खाली, आणि डोळ्यांतून पाणी ओघळायला लागलं.

"पाहा," पाद्रीसाहेब भरल्या गळ्यानं म्हणाले, "किती नम्र आहे."

सगळे कौतुकानं त्याच्याकडे बघत होते. मार्थानं पदर पुढं ओढला आणि ती जमिनीकडे बघत राहिली.