डॉलर घ्यायचा दिवस

निवृत्त गणित शिक्षकांनी गेल्या पाच वर्षांचे डॉलरचे भाव आलेखावर मांडून तो कागद फ्रिजवर चिकटवला होता. मुलीच्या बाळंतपणासाठी दोघांना परदेशी जायचं होतं, आणि उन्हाळा सरता सरता डॉलर दरवर्षी थोडा उतरतो, हे त्यांनी हुडकून काढलं होतं.

"अजून थोडी कळ काढ," ते बायकोला रोज सांगत.

"तुमचा डॉलर उतरेपर्यंत नातवंड रांगायला लागेल," बॅग भरता भरता ती म्हणे.

एका सकाळी जावयाचा फोन आला. दिलेल्या तारखेच्या बऱ्याच आधी मुलगी झाली होती आणि मायलेकी सुखरूप होत्या. मास्तरांनी पायात चपला सरकवल्या आणि तडक चलन बदलण्याचं दुकान गाठलं.

"सर, आज भाव वर्षातला सगळ्यात चढा आहे," काउंटरवरची बाई म्हणाली. "चार दिवसांनी उतरेल कदाचित."

"उतरणारच," मास्तर खुशीत म्हणाले. "माझा अभ्यास आहे त्यावर. पण तुम्ही आजच द्या, मी आजोबा झालोय."

परतताना भेटेल त्याला त्यांनी ही बातमी सांगितली, त्यामुळे चार पावलांच्या वाटेला त्यांना चांगला तासभर लागला.