उजव्या हाताचा ट्रॅक

मित्रांनो, मी एक जुनी मिडी फाइल आहे. माझं वय पंचवीसच्या पुढे गेलं आहे. संगणकाच्या जगात एवढ्या वयाच्या फाइलला म्हातारीच म्हणतात. मी गाण्याची फाइल आहे, पण माझ्या पोटात आवाज मात्र औषधालाही सापडायचा नाही. माझ्यात आहेत फक्त नोंदी. कोणती पट्टी कधी दाबली, किती जोरात दाबली, केव्हा सोडली, एवढंच. कीबोर्ड किंवा संगणक त्या नोंदी वाचून वाजवतो, तेव्हा कुठे माझं गाणं होतं.

माझा जन्म एका शाळेच्या संगीतवर्गात झाला. तिथल्या बाईंनी शाळा सोडून जाणाऱ्या मुलांसाठी निरोपाचं एक गाणं रचलं होतं. पण विजेचं बटण भिंतीपाशी, म्हणून कीबोर्डही भिंतीपाशी! वाजवायला बसलं की बाईंची पाठ मुलांकडे व्हायची आणि मागच्या रांगेचं चांगलंच फावायचं. शेवटी बाईंनी एका दुपारी वर्ग बंद करून मला भरलं. आधी उजव्या हाताचा ट्रॅक, मग डाव्याचा. दोन्ही मुद्दाम वेगळे ठेवले, म्हणजे शिकणाऱ्याला एक हात बंद करून तो स्वतः वाजवता येईल.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला सुरू केलं आणि त्या मुलांकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"अरे, तोंडं उघडा! सुरांना बाहेर यायला वाट तरी द्या!"

मागची रांग एकदम सरळ झाली. मला फार धन्य वाटलं.

मी पडेल ते काम केलं. एका मुलाचा आवाज फुटत होता. तो म्हणाला, "बाई, मला वरचं जमत नाही. मी नाही गात."

"आवाज फुटला म्हणून कुणी गाणं सोडतं का?" असं म्हणून बाईंनी मला दोन पट्ट्या खाली उतरवलं. मला काहीच त्रास झाला नाही, आणि तो मुलगा गायला. कधी मी बासरीच्या आवाजात वाजले, कधी व्हायोलिनच्या. एकदा तर माझ्या नोंदींची स्वरलिपी कागदावर छापून निघाली.

पुढे बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या लेकीने मला जुन्या फ्लॉपीतून घरच्या संगणकात आणलं, आणि मग सगळे मला विसरले. कितीतरी वर्षं मी लग्नाच्या फोटोंच्या गर्दीत अंग चोरून पडून होते. एकदा जावई संगणक साफ करायला बसले. त्यांनी मला उघडलं. त्यांच्याकडे मला वाजवणारं काहीच नव्हतं, मी गप्प.

"ही मुकीच दिसते. काढून टाकू?"

"थांब, हात लावू नकोस!" लेक आतून ओरडली. "आईने वाजवलंय ते!"

मित्रांनो, तिचे हे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही.

त्यानंतर वर्षभरातच बाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. लेक त्यांना आपल्या घरी घेऊन आली. कीबोर्डही आला, पण बाईंनी त्यावर चादर टाकायला लावली. "कुणाला तरी देऊन टाका. डोळ्यांसमोर नको," त्या म्हणाल्या. व्यायाम शिकवणाऱ्या ताई रोज मऊ चेंडू दाबायला द्यायच्या. बाई तो खाली टाकायच्या. "मी काय तान्हं बाळ आहे?"

एका सकाळी लेकीने चादर काढली, संगणकाची वायर कीबोर्डला जोडली, माझा डावा ट्रॅक बंद केला आणि लय निम्म्यावर आणली. माझा सूर तसाच राहिला, चाल तेवढी संथ झाली.

बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली.

"कोण वाजवतंय?"

"तूच, आई. तुझा उजवा हात आहे हा."

बाई बराच वेळ ऐकत राहिल्या. बोटांचा दाब, मधली किंचित थांबण्याची सवय, सगळं मी जसंच्या तसं सांभाळलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. मग त्या रागानेच म्हणाल्या, "आणि डावा कुठे गेला?"

"तो तुझ्याकडे आहे."

लेकीने त्यांची खुर्ची पुढे सरकवली. बाईंचा डावा हात पट्ट्यांवर आला, चुकला, पुन्हा आला. आम्ही दोघींनी मिळून गाणं शेवटपर्यंत नेलं. जावई दारात उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या दिवसापासून बाई चेंडूही दाबू लागल्या. "फाइलमधला तो माझा उजवा हात एकटा किती दिवस राबणार?" असं त्या ताईंना म्हणाल्या.

चमत्कार काही झाला नाही. आठ महिन्यांनी उजव्या हाताची फक्त दोन बोटं हलू लागली. त्या दोन बोटांनी बाईंनी माझ्यात तिसरा ट्रॅक भरला. सात सूर होते, सगळे वाकडेतिकडे, कुणी लवकर, कुणी उशिरा.

लेक म्हणाली, "आई, एक बटण दाबलं की सगळे तालात बसतील. बसवू?"

"अजिबात नको. ती बोटं किती लांबून आलीत, ते फाइलमध्ये तसंच राहू दे."

मित्रांनो, मी त्या सगळ्यांची ऋणी आहे. तुमच्या घरातही कुणी वाजवत असेल तर त्यांच्याकडून माझ्यासारखी एखादी फाइल भरून घ्या. तिला नीट नाव द्या, दोन ठिकाणी जपून ठेवा. आणि एखादी जुनी फाइल गप्प वाटली, तर ती काढून टाकण्याआधी घरातल्या मोठ्या माणसांना एकदा विचारा, "हे कुणी वाजवलंय?"